झाकणावरचं पाणी

सुनेनं डुकराचं मटण मंद गॅसवर शिजत ठेवलं आणि थोड्या वेळानं चमचा माझ्यापुढं धरला. "आई, मीठ बघता का?" त्या वासासरशी मी घाटनांदूरच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

अण्णा दगड फोडायचे. पुढं खडीची मशीन आली, ते तिच्यावर लागले आणि धुळीनं त्यांची छाती गेली. आईच्या गळ्यात माळ होती, त्यामुळं डुकराचं मटण घरातल्या चुलीवर कधी चढलं नाही. अण्णाच अंगणात तीन दगड मांडून वेगळ्या पातेल्यात शिजवायचे. त्या दिवशी त्यांना उठवेना. बाजेवरून एवढंच म्हणाले, "लई दिस झाले खाऊन."

मग आईनंच अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या.

"जाळ बारीक ठेव," अण्णा पडल्या पडल्या सांगत होते. "झाकणावरचं पाणी तापलं की तेच आत वत. गार पाण्यानं मटण निबर होतं."

दुपार कलेपर्यंत ती धुरात बसून झाकण रिकामं करत होती, पुन्हा भरत होती.

अण्णा भाकरी कुस्करून सावकाश जेवले. आई त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"मीठ?"

"बराबर हाय."

ताटात उरलेलं मी खाल्लं. आईला चाखता येत नव्हतं, आणि मीठ घालायचंच राहून गेलं होतं. तेव्हा वाटलं, दुखण्यानं अण्णांच्या तोंडाची चव गेली. त्याच सकाळी साखर कमी म्हणून त्यांनी चहाचा कप परत पाठवला होता, हे मला फार उशिरा आठवलं.