सात वर्षांच्या टीचरची शिकवणी

मुलगी सात वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा असताना आमच्या घरात दोन छोटी व्हायोलिनं आली. दोघं आठवड्यातून दोनदा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या टीचरम्मांकडे शिकायला जायची. उरलेल्या दिवशी घरी सराव करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. नवरा सकाळच्या गाडीनं नंजनगूडला कारखान्यात जायचा, त्यामुळे तो आपोआप सुटला.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपली स्टुलावर बसून बीन्स निवडायची आणि मधूनमधून, "पाठ ताठ!", "परत वाजव!" असं ओरडायची. वाजवायला बसलं की मुलीचं पोट दुखायचं. मुलगा लाकूड कापायला निघाल्यासारखा गज तारेवर घासायचा आणि विचारायचा, "झालं?" सुरुवात केल्याला पाच मिनिटंही झालेली नसायची. शेवटी तिघंही रडवेली व्हायचो.

दसऱ्याआधीचे दिवस होते. आमचं घर बन्नीमंटपाकडे, म्हणजे दसऱ्याची मिरवणूक जिथं संपते त्या मैदानाकडे, जाणाऱ्या रस्त्याला लागूनच, त्यामुळे मिरवणुकीच्या तालमीला निघालेले हत्ती रोज सकाळी आमच्या समोरून जायचे. गोंधळ ऐकू आला की मुलं व्हायोलिन चटईवर टाकून फाटकाकडे पळायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "बघा, एवढे मोठे हत्ती, पण त्यांनासुद्धा रोज प्रॅक्टिस करावी लागते. कुरकुर करतात का ते?"

मुलगी हत्तींकडे बघत म्हणाली, "पण त्यांचा माणूस पण बरोबर चालतोय की. अख्खा रस्ता. तू नुसती स्टुलावर बसून सांगतेस."

मला हसू आलं. हत्तीच्या पायाशी एक सडपातळ माणूस खरंच अनवाणी चालत होता.

त्याच संध्याकाळी मी टीचरम्मांकडे गेले. त्यांच्याकडे एक जुनं, मोठ्यांचं व्हायोलिन पडून होतं, ते मागितलं. "शिकायला कोणाकडे येणार?" त्यांनी विचारलं.

"मुलीकडे," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की केसांतला गजरा सुटला. "भेष! पण मग ती सांगेल तसंच वाजवायचं हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चटईवर बसले. आमच्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. वाद्याचं एक टोक छातीशी आणि दुसरं उजव्या पावलावर टेकवायचं. माझा गुडघा काही खाली जाईना. मुलीनं त्याच्यावर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं. "अय्यो आई, तू किती कडक झालीयेस!" तिनं माझ्या बोटांत गज बसवला, अंगठा वाकवला आणि समोर जाऊन बसली. "आता सा. लांब. थांबायचं नाही."

मी गज ओढला. असा काही आवाज निघाला की मुलगा चटईवर आडवा पडून लोळायला लागला. मुलगी मात्र हसली नाही. "इन्नोंदु सल," ती म्हणाली, म्हणजे पुन्हा एकदा. टीचरम्मांचा शब्द आणि त्यांचाच सूर.

त्यानंतर घराचं चित्रच पालटलं. मुलगी झोपेतून उठायची तीच मला शोधत. मी पोळ्या लाटत असले तर दारात उभी राहायची, "आई, उशीर होतोय." मला शिकवायचं म्हणून आधी स्वतः वाजवून बघायची आणि आपलंच बोट चुकीच्या जागी पडलं की गुपचूप सरकवायची. मुलगाही मागे राहिना. दोघींपेक्षा आपला सा लांब, हे दाखवायला तो श्वास रोखून गज ओढायचा, आणि त्या नादात त्याचं लाकूड कापणं कधी थांबलं ते आम्हाला कळलंही नाही. माझ्या बोटांची टोकं दुखायची, पण एका सकाळी सा-रि-ग-म सरळ, न अडखळता निघालं तेव्हा मी चटईवरूनच ओरडले. नवरा दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला. "काय झालं?"

"वाजलं!" मी म्हटलं.

"ग जरा खाली होता," मुलगी म्हणाली.

नवरात्रात आम्ही इथल्या रीतीप्रमाणे पायऱ्या रचून बाहुल्या मांडल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या, टीचरम्माही आल्या. कुणीतरी म्हणालं, मुलांचं व्हायोलिन होऊ दे. मुलगी म्हणाली, "आई पण वाजवणार." मी नको नको म्हणत राहिले, तोवर मुलानं माझं व्हायोलिन आणून मांडीवर ठेवलंसुद्धा.

आम्ही तिघांनी सुरू केलं. पहिली ओळ छान गेली. दुसरीत मी घाबरून एक सूर गाळला. मुलीनं आपला गज उचलला, हात वर केला आणि भरल्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाली, "थांब आई. परत पहिल्यापासून."

मग टीचरम्मांनीच तोंडाला पदर लावला आणि खोलीभर हशा पिकला. मी इतकी हसत होते की गज धरवेना. मुलगी शांतपणे वाट बघत बसली. हसणं ओसरल्यावर पुन्हा सुरू केलं आणि या वेळी शेवटपर्यंत गेलो. मुलगा शेवटचा सा सोडायलाच तयार नव्हता, प्रसाद वाटायला घेतला तरी त्याचं चालूच.

निघताना आमच्या खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई मुलीसमोर वाकल्या. साठीच्या बाई, कधी फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी कन्नडात विचारलं, "मलाही शिकवशील का ग?"

मुलीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मांडी घालता येते?"

"येते."

"रोज बसावं लागेल."

"बसेन."

पुढच्या रविवारी सकाळी बाई नवीन चटई काखेत घेऊन जिना चढून वर आल्या. मुलगी आधीच येऊन बसली होती. तिनं मला सरकायला सांगितलं आणि माझ्या शेजारी त्यांच्यासाठी जागा केली.