अक्कांना पोच लागते

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसात बनशंकरीहून येणाऱ्या एक अक्का आहेत. दूरच्या शाखांना जोडणारं जुनं सॉफ्टवेअर त्या सांभाळतात. ते माहितीचे तुकडे करून पाठवतं आणि पलीकडून पोच आली नाही, तर तोच तुकडा पुन्हा पाठवतं. अक्कांचं बोलणंही तसंच. एक वाक्य बोलून त्या थांबतात. तुम्ही ‘हं’ म्हटलं नाही, तर तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा. मला तर वैताग यायचा.

परवा भर मीटिंगमध्ये नागपूरहून आलेला नवा मॅनेजर म्हणाला, “ते जुनाट सॉफ्टवेअर आजच बंद करून टाका.”

“हुबळीची शाखा अजून त्याच्यावरच चालते,” अक्का म्हणाल्या.

तो मोबाइल बघत राहिला.

“हुबळीची शाखा अजून त्याच्यावरच चालते.”

“अक्का, पुढचा विषय घेऊ ना.”

“हुबळीची शाखा अजून त्याच्यावरच चालते.”

शेवटी त्यानं मोबाइल पालथा ठेवला. “हो, ऐकलं.”

“सरी, ठीक आहे,” अक्का म्हणाल्या. “मग हुबळीची सोय होईपर्यंत मी ते बंद करणार नाही.”

आणि त्या थांबल्या. त्यानं पुन्हा मोबाइल उचलला.

या वेळी ‘हं’ मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं.