काकूंच्या वाट्याला कागदी प्लेट्स

मी ऑफिसात लोकांच्या कॉम्प्युटरना व्हायरसपासून वाचवतो आणि त्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

दोन हजार तीन सालची गोष्ट. आम्ही अमेरिकेत, अल्फारेटा गावात राहत होतो. अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला, आठवा महिना होता. तिच्या आईचा व्हिसा नाकारला गेलेला, माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाळंतपणाची सगळी भिस्त होती सुमनकाकूंवर. काकू आमच्या मराठी मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ, तीस वर्षं अमेरिकेत. त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं, "सव्वा महिना मी येऊन राहीन. आई नाही म्हणून रडत बसायचं नाही." त्या दिवसापासून अनघाला नीट झोप लागायला लागली होती.

एका शनिवारी सकाळी नागपूरच्या आत्याची मेल आली. 'गणपतीबाप्पाचा दुर्मिळ फोटो. उघडा आणि अकरा जणांना पाठवा.' मी क्लिक केलं, तर अँटिव्हायरसने लाल चौकट दाखवली. फाईल धोकादायक आहे, डिलीट करू का?

आता गणपती डिलीट कसा करायचा? (तोही बायको गरोदर असताना!) ऑफिसात दुसऱ्या कोणी ही फाईल उघडली असती, तर मी त्याला तासभर लेक्चर दिलं असतं. इथे मी अँटिव्हायरसच बंद केला आणि फाईल उघडली. बाप्पा काही दिसले नाहीत. नेट स्लो असेल म्हणून मी रिकाम्या स्क्रीनला नमस्कार केला आणि चहा करायला गेलो.

चहा उकळतोय तोवर फोन वाजला. मंडळातला पाटील होता.

"समीर, मेल मिळाली यार. बर्फ नक्की आणतो. आणि वेळेवर आणतो."

"कसला बर्फ?"

"तूच लिहिलंयस ना? 'पाटील, फक्त बर्फ, तोही वेळेवर आला तर.'"

मी गॅस बंद करून कॉम्प्युटरकडे धावलो. त्या वर्षी दिवाळीच्या पॉटलकची जबाबदारी माझ्याकडे होती. कोणी काय आणायचं याची मी एक यादी केली होती, आणि प्रत्येक नावापुढे स्वतःपुरता मोकळेपणाने शेरा मारला होता. बाप्पांच्या वेषात आलेल्या व्हायरसने माझ्या कॉम्प्युटरमधली नेमकी तीच फाईल उचलून ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना पाठवली होती. वर इंग्रजीत नम्रपणे लिहिलंही होतं, सोबतची फाईल वाचून आपलं मत कळवावं.

लोक मत कळवू लागले.

मी घाईघाईने सगळ्यांना माफीची मेल टाकली. 'हा व्हायरस आहे, फाईल उघडू नका.' त्या मेललाही व्हायरसने ती फाईल जोडली. ज्यांनी पहिल्यांदा उघडली नव्हती, त्यांनी आता उत्सुकतेने उघडली.

शेवटी मी नेटची वायर उपटली. तोवर अनघा मागे येऊन उभी होती आणि यादी वाचत होती.

"सुमनकाकू, कागदी प्लेट्स. भाजी देऊ नये. गेल्या वर्षीची भरली ब्रोकोली आठवावी," तिने मोठ्याने वाचलं. मग खुर्चीत बसली. "काकूंचा फोन आला का रे?"

"नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला रागावली असती तर परवडलं असतं. काकू रोज सकाळी दहाला तिला फोन करायच्या, आणि घड्याळात साडेअकरा झाले होते. तिच्या आईच्या जागी असलेलं एकुलतं एक माणूस मी ब्रोकोलीपायी घालवलं होतं. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

रविवारी आम्ही दोघं काकूंच्या दारात उभे राहिलो. काकूंनी अनघाला हात धरून आत नेलं. मला म्हणाल्या, "तू ये, दार उघडंच आहे."

सोफ्यासमोर टीपॉयवर यादीची प्रिंट होती. मी सुरुवात केली, "काकू, त्या भाजीचं म्हणजे..."

"भाजीचं राहू दे. शेवटची ओळ वाच."

शेवटची ओळ माझी होती. मी खाली मान घालून वाचली, "स्वतः, गुलाबजाम. दुकानातले. घरच्या पातेल्यात ओतून डबे कचऱ्यात खाली दडपणे."

"तीन वर्षं मंडळात वाहवा घेतलीस. मला फोनवर रेसिपी सांगितलीस. ती कुठून आणलीस?"

"सुचेल तशी सांगितली, काकू."

"पाच वेळा केले मी. पाचही वेळा तुपात फुटले. मला वाटलं, वय झालं, आपला हात गेला. बाळंतिणीचं करायला मी कशाला जाऊ, उद्या तिलाच काही बाधलं तर? मी अनघाला नाही म्हणून सांगणार होते. काल सकाळचा फोनही त्यापायीच केला नाही."

अनघा माझ्याकडे बघत होती. मी कार्पेटकडे बघत होतो.

"काल यादी वाचली आणि जीव भांड्यात पडला," काकू म्हणाल्या. "हात माझा ठीक आहे. खोटारडा तू आहेस. अनघा, मी येतेय. ह्याने मात्र मी करीन ते निमूट खायचं."

महिन्याभरात आम्हाला मुलगी झाली. काकू दोन बॅगा आणि एक खलबत्ता घेऊन राहायला आल्या. अनघाला तूपभात, मेथीचे लाडू, अळिवाची खीर. मला पहिल्याच दिवशी भरली ब्रोकोली, कागदी प्लेटमध्ये. काकू समोर बसून मी कधी घास घेतो ते बघत होत्या.

"कशी झालीय?"

"छान झालीय, काकू."

"तोंडाने तू छानच म्हणणार," काकू म्हणाल्या आणि वळल्या. "अनघा, तो कॉम्प्युटर लाव. ह्याने आत काय लिहून ठेवलंय ते बघू."

नशीब माझं, त्या दिवसाचा शेरा अजून टाइप करायचा राहिला होता.