वडवणीहून आणलेला पतंग

मैत्रिणीच्या मावशीनं, सुमनमावशीनं, फोनवर फोटो पाठवला. गुळवेलीवर मखमली काळी अळी, अंगावर भले मोठे डोळे रंगवल्यासारखे. "ही काय भानगड हाय? बरणीत ठिवलीय. पानं लई खाती." मला पतंगांचं वेड. दोन आठवड्यांनी सवड मिळाली नि निघालेच.

पुण्याहून सकाळची बीडची एसटी, तिथून वडवणीची. बायकांना अर्धं तिकीट. पाणी मात्र सोबत न्या, दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. स्टँडवर मावशीचे यजमान अंकुशकाका मोटरसायकल घेऊन उभे होते.

त्यांची मोसंबीची बाग सहकारी संस्थेच्या टँकरवर तगलेली. तरी झाडाखाली फळांचा सडा, प्रत्येकावर टाचणीएवढं भोक. "पतंग सोंड खुपसून रस पितो, मग फळ गळतं," काका म्हणाले. "संस्थेत ठरलंय, गुळवेली तोडायच्या. त्याच्या अळ्या तिच्यावरच वाढत्यात."

मला पुढचं कळून चुकलं. घरी बरणी पाहिली, तर अळीनं पानं गुंडाळून आत कोष केलेला. सांगावंच लागलं, "मावशी, हाच तो."

"मी रोज हातानं पानं घातली गं त्याला," ती एवढंच म्हणाली. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा फार चवीचा होता, पण जेवताना सगळ्यांचं लक्ष बरणीकडंच.

दुसऱ्या दिवशी सांजेला पतंग बाहेर आला. वरचे पंख वाळक्या पानासारखे. ते उघडले आणि खालून हळदीकेशरी रंग, त्यावर काळा डाग. काकांनी बरणी उचलली. मला वाटलं, संपलं आता. ते बराच वेळ बघत राहिले.

"लई देखणं हाय. पोरी, तुझ्याकडं आसपास बागा न्हाईत ना?"

"चौथ्या मजल्यावर राहते मी. मागं नुसती टेकडी."

"मग घिऊन जा."

सकाळी मावशीनं स्वतःच विळा घेऊन दारच्या कडुलिंबावरची गुळवेल तोडली. स्टँडवर काकांनी खिशातून गळलेली एक मोसंबी काढली, अर्धी कापून बरणीत ठेवली. "वाटंत भूक लागंल त्याला."

पुण्यात पोचल्यावर संध्याकाळी गॅलरीत झाकण काढलं. पतंगानं सोंड फोडीत रुतवली, निवांत रस प्याला आणि टेकडीकडे उडाला. फोटो छान आलेत, खाली लावलेत. पण या सहलीतलं मला सारखं आठवतं ते काही फोटोत नाही. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला होता. मागं टँकरचा आवाज, बायकांची भांडी वाजत होती.

"खाल्लं का गं त्यानं?"

"पोटभर, काका."

"बरं झालं," म्हणाले, आणि पाणी भरायला गेले.