काकूंची जागल

वत्सलाकाकू दुपारी आडव्या होण्याआधी जिना चढून माझ्या दारात यायच्या आणि विचारायच्या, "पोरी, तू जागी हायेस ना?" मी हो म्हटलं की समाधानानं खाली जायच्या. बुलढाण्याला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले होते. एकट्या बाईला खोली देणाऱ्या घरमालकिणी चौकस असायच्याच, अशी मी मनाची समजूत घातली होती.

एका रविवारी मात्र मी वैतागले. "काकू, मी झोपले तर काय बिघडेल?"

"तुहं काय बिघडते वं? मले झोप येत नाही. घरात कोणीतरी जागं पायजे. जागल मोडली की जीवाले घोर लागते."

जागल म्हणजे उभ्या पिकाची रात्रीची राखण. काकूंचं माहेर बीबी गावातलं, शेतकऱ्याचं, त्यामुळे शब्दाचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढचं ऐकून. हा ज्वारीच्या शेतातला शब्द काकूंनी थेट समुद्रावर नेला होता.

काका जहाजावर इंजिनियर होते. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर लोक प्लॉट घेतात, यांनी कोचीला एक जुनी शिडाची बोट घेतली. काकूंना पोहायलासुद्धा काकांनीच शिकवलं. मग दोघंच त्या बोटीतून सेशेल्स, मॉरिशस करून आले. ज्या गावाला अजून रेल्वे आलेली नाही, तिथली ही बाई, आणि ती निघाली आफ्रिकेच्या दिशेला! गल्लीत हा चेष्टेचा विषय होता. हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या, "वत्सलाबाई, नाव घ्या." काकू शांतपणे म्हणायच्या, "घेतली ना बाप्पा. कोचीले बांधून ठेवली हाये."

मला त्यांच्याकडून वादळं ऐकायची होती, उडते मासे ऐकायचे होते. त्या सांगायच्या ते झोपेबद्दल. मोठी जहाजं लहान बोटीला पाहत नाहीत, म्हणून बोटीवर एक जण सतत जागा हवा. माणसं दोनच. म्हणजे एक झोपला की दुसरा बाहेर बसलेला. आठवडेच्या आठवडे जमीन नाही आणि बोलायला माणूस नाही.

"लाटाची सवय होते," काकू म्हणायच्या. "पण नवरा दोन हातावर निजेल असते, अन् त्याच्याशी बोलता येत नाही. कधी कधी वाटे, हातातून भांडं पाडावं."

"पाडलंत कधी?"

"एकडाव पाडलं. ते दचकून उठले, सगळीकडे पाह्यलं, मले काही बोल्ले नाही. मंग मलेच रडू आलं."

जागल द्यायची त्यांची एक पद्धत होती. झोपायला जाणाऱ्यानं सगळं सांगायचं: वारा कुठला, दूर कुठे दिवा दिसतो का, स्टोव्हवर काय आहे. ऐकणाऱ्यानं शेवटी म्हणायचं, "घेतली." तो शब्द कानावर आल्याशिवाय पहिल्यानं डोळा मिटायचा नाही. काकांचा हा नियम फार कडक होता म्हणे.

काका गेले ते मात्र समुद्रावर नाही, इथेच, खालच्या खोलीत. "सकाळी मी आधी उठली," काकू एकदा म्हणाल्या. "म्हटलं, निजू दे जरासं, मी हायेच जागी. चहा झाला तवा उठवाले गेली." मग म्हणाल्या, "जागल द्याले गेली अन् घेणारंच नव्हतं. तवापासून जागल माह्याच जवळ हाये."

त्यानंतर मी दुपारी मुद्दाम खुर्ची सरकवायची, पावलं जरा वाजवायची, खाली ऐकू जावं म्हणून. एकदा धीर करून म्हटलंही, "मग माझ्याकडे द्या ना, काकू." त्या हसल्या. "तू भाडेकरू. आज हायेस, उद्या बदली झाली की जाशीन. तुले काऊन देऊ?" मला ते लागलं, पण त्यात खोटं काहीच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मीच होते. डॉक्टर झोपा म्हणत होते, काकू डोळे ताणून जाग्या होत्या. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"दूधवाल्याले अर्धाच लिटर सांग," त्या म्हणाल्या. "मांगच्या दाराची कडी वरून दाबा लागते. कढीपत्त्याले पाणी कमी टाक. गॅस आता-आताच बदलला हाये."

आधी मला वाटलं, तापात बोलतायत. मग लक्षात आलं, त्या जागल देत होत्या. "घरी गेल्यावर सांगा ना, काकू," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दूध, कडी, कढीपत्ता. बोलून झालं की माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. पापण्या झोपेनं जड झाल्या होत्या, तरी मिटत नव्हत्या.

मला त्या हव्या होत्या. मी तो शब्द उच्चारला नाही तर त्या अशाच जाग्या राहतील, हे मला दिसत होतं, आणि तसंच चालू द्यावं असा मोह मला झाला. पण किती वर्षं जागायचं एखाद्या माणसानं? तिसऱ्यांदा त्यांनी दुधापासून सुरुवात केली तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "घेतली, काकू."

त्यांनी लगेच डोळे मिटले. दुपारी त्या गेल्या.

मी एकटी राहते असं मी तोवर लोकांना ऐटीत सांगत असे. खरी एकटी झाले ती त्या दुपारी. घरातलं सगळं आता मला ठाऊक आहे, पण उद्या ते सांगायचं झालं तर कोणाला सांगू, हे मला ठाऊक नाही.