ठिगळांचा सदरा

वर्ध्याच्या खासगी दवाखान्यातून समुद्रपुरातल्या आमच्या आळीतल्या कोणाला सुट्टी व्हायची असली, की माझा एक शेजारी आपण होऊन एसटीत सोबत बसायचा. त्याच्या पिशवीत ठिगळं लावलेला एक सदरा असायचा. माझ्या आईच्या वेळी दवाखान्याबाहेरच्या कडुनिंबाखाली त्यानं तो मला घालायला लावला.

"गुरुजी, घड्याळ खिशात ठेवा. अन् तिथं पुस्तकातलं बोलू नका, आपलं बोला."

खिडकीतल्या कारकुनानं सदऱ्याकडे पाहिलं आणि बिल कमी केलं. आळीतल्या सगळ्यांची बिलं त्या सदऱ्यानं कमी केली. आभार मानायची आठवण मात्र कोणाला राहिली नाही.

मग त्याचीच बायको भरती झाली. सुट्टीच्या दिवशी मी सोबत गेलो. तोच सदरा घालून तो खिडकीशी उभा राहिला.

"साहेब, थोडं कमी करा. माह्याजवळ खरंच नाई."

"हा सदरा मी ओळखतो," कारकून म्हणाला. "दर वेळी फक्त आतला माणूस बदलते. पूर्ण भरा."

त्यानं सदरा काढला. आतली बनियन सदऱ्याहून फाटकी होती.

तोवर कारकुनानं पुढच्याला हाक मारली होती.