येताना वाजवायचं होतं

यासीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहिवडीला शेरडांपुढं पाला टाकत होतो. फोन त्याच्या थोरल्या बहिणीचा, आपांचा. "नामदेवा, यासीन गेला. ये," एवढंच बोलल्या. एसटी गाठेपर्यंत मला ठरवता येईना, ड्रम घ्यावा का नको... शेवटी घोंगड्यात गुंडाळून घेतला.

मलकापुरात यासीनच्या वडलांचा लग्नाचा बँड होता. आम्ही दोघं त्यातच वाढलो. पुढं मी फौजेच्या बँडात ड्रम वाजवला आणि हा पठ्ठ्या जहाजावर पियानो वाजवता वाजवता अमेरिकेत उतरला, तिथं हॉटेलांतून, क्लबांतून जाझ गायला. म्हातारपणी परतला तो पाचगणीच्या कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला पियानो टेम्पोत घालूनच. मलकापुरात आपांच्या घरी, बाहेरच्या खोलीत तो मांडला. गाण्याआधी डाव्या करंगळीनं एक खालची पट्टी दाबायचा, ती घुमून विरेपर्यंत गप्प राहायचा, मग सुरू. मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. आपा तर पाच वक्ताच्या नमाजी; गाणं सुरू झालं की त्या आतल्या दाराला कडी घालायच्या.

"कसलं रं हे गाणं? लय सापडतीया म्हणोस्तवर निसटतीया," मी म्हणायचो.

"तू ये गड्या मागनं. मी थांबतो की," असं म्हणायचा. थांबला कुठं?

गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, "तिकडं एका शहरात मयतीला बँड असतोय. जाताना हळू, येताना नाचत. माझ्या टायमाला येताना तू वाजव." आणि हसला. आता हा माणूस डॉक्टरनं हृदय थकलंय म्हटल्यावरही हसला होता. खरं कुठलं धरायचं?

कबरस्तानातून परतलो. घोंगडं ओट्यावर तसंच होतं. बायका आत, पुरुष बाहेर, तरी आतलं दार सताड उघडं. माझा हात गाठीपर्यंत गेला. मयतीच्या घरी, आपांसमोर, कसा वाजवू? गडबडीत दार लावायचं राहिलं असेल, असं समजून मी गुंडाळी उचलली आणि स्टँड गाठला.

चाळीसाव्याला पुन्हा गेलो. माणसं पांगल्यावर आपांनी विचारलं, "त्या दिवशी वाजवलं का न्हाईस?"

मी चाटच पडलो. "तुमाला चाललं असतं व्हय?"

"न्हाई चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पर तुजं घोंगडं बघून मी दार उघडं ठेवलेलं."

त्यांनी पियानोवरची चादर काढली, घडी घातली आणि आत गेल्या. मी बसून राहिलो. त्यांना नक्की काय हवं होतं, यासीनला तरी काय हवं होतं, मला अजून उमगलेलं नाही. मला पियानो येत नाही. तीच खालची पट्टी चाचपून दाबली. घुमली... विरली. तो थांबायचा तेवढा थांबलो. मग बोटांनी झाकणावर ताल धरला, आधी हळू. जातानाचा का येतानाचा, माझं मलाच कळेना. कान मात्र आतल्या दाराकडं होते.

कडीचा आवाज काही आला नाही.